दारात थांबायचं नाय

धसईत आमच्या शेजारच्या दिलीपच्या दारात उभं राहून गप्पा मारायची सोय नाही. मी वाटी घेऊन उंबऱ्यावर टेकले रे टेकले की हा ओरडतो, "काकू, वाटेत थांबायचं नाय!"

पोरगा सॉफ्टवेअरवाला, घरूनच काम करतो. आणि भित्रा तर इतका, की विचारू नका! विंचवाला भीत नाही मेला, कानात होणाऱ्या 'टक'ला भितो.

त्याच्या आईला, सीताक्काला, ऐकू येईनासं झालं. म्हणून यानं फोनवर ॲप बनवायला घेतलं. बाहेरचा आवाज मोठा होऊन तिच्या कानातल्या वायरीत जायचा. पण पहिल्याच दिवशी आवाज पोचला उशिरा. हॉर्न तिला ऐकू येईस्तोवर टेम्पो अंगाशी! यानं दंड धरून तिला मागं ओढली. तेव्हापासून याची झोपच उडाली.

"पण उशीर का रे होतो?" मी विचारलं.

"सिस्टीम आवाज भांड्या-भांड्यानं पुढं देते, काकू. हंडा भरायची वाट बघितली तर उशीर. म्हणून मी कप घेतला. पण कप लगेच संपतो. भरणारा जरा अडला की कप रिकामा, नि कानात टक! फोनात सतरा कामं चालू असतात. म्हणून सिस्टीमला सांगायचं, आवाजाचं काम पयलं. त्याच्या वाटेत कोणी थांबायचं नाय."

आता त्याच्याकडे पाणीसुद्धा चहाच्या कपात मिळतं. घ्या!

महिने गेले. सीताक्का म्हणायची, "बाजारात एकटी जाते रे." हा म्हणायचा, "अजून उशीर हाय." शेवटी एकदा तिच्या कानात वायर असताना मी पाठीमागं टाळी वाजवली. बाई गर्रकन वळली.

"झालंय की रे!" मी त्याला झापलं.

त्यानं मान खाली घातली. "कवाच झालंय, काकू. पन नेमकं रस्त्यावर बंद पडलं तर? नि मी मागं नसलो तर?"

सीताक्काला आता ऐकू येतं, हे आम्ही दोघंही विसरलो होतो.

"ऐकलं मी," ती म्हणाली. पिशवी उचलली आणि निघाली.

रस्त्यावर हॉर्न वाजला. मी ओरडणार, तोवर ती बाजूला झालीसुद्धा. टेम्पो निघून गेला. तिनं मागं वळूनही पाहिलं नाही.

दिलीप चौकट धरून उभा. मी आत अडकलेली, नि माझा भात घरी चुलीवर.

"सरक रे, वाटेत थांबायचं नाय ना?"

"ती येस्तवर थांबतो, काकू," तो म्हणाला.

भात करपला. मीही थांबले.