यो-यो महासंघ आणि शिवलीलेचा डाव

अंबाबाईची आण घेऊन, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगते: यातला शब्द न् शब्द खरा हाय. ज्याला खोटं वाटतंय त्यानं आत्ताच उठावं. चहा मिळणार न्हाय.

कुठलाबी खेळ देशात रुजायचा तर त्याला आधी अध्यक्ष लागतोय. खेळाडू मागनं मिळतात. न्हाय मिळाले तरी अडत न्हाय.

यो-यो कोल्हापुरात आला शहाण्णव-सत्त्याण्णव साली, थंड पेयाच्या बाटल्यांमागनं (बुचं साठवून द्यायची, यो-यो घ्यायचा). दोऱ्याला बांधलेली चकती खाली सोडायची, वर घ्यायची. दुसऱ्या गावात ह्याला पोरखेळ म्हणाले असते. आमच्यात मनगट लागलं की ती कुस्तीच. आठवड्यात तालमीत लाल मातीशेजारी यो-योचा आखाडा झाला, वस्ताद नेमले, खुराक ठरला: दूध, बदाम, आन् बोटाच्या ताकदीला आजऱ्याचे काजू. वस्तादांनी यो-यो कधी हातात धरला नव्हता, पण मांडीवर थाप अशी मारायचे की पलीकडच्या गल्लीतली म्हस बुजायची.

माझी नात शिवलीला तवा नववीत. ती मात्र खरंच खेळायची. चकती खाली जाऊन दोऱ्याच्या टोकाला झोपल्यागत गरागरा फिरत राहायची, आन् हिनं बोट हलवलं की उठून थेट हातात.

"आज्जी, एकदा मोठ्या स्टेजवर खेळायचंय. दोन मिन्टं दिली तरी बास."

पोरीचं मागणं एवढंच. देशातल्या असल्या गुणी खेळाडूंसाठीच गणपतरावांनी अखिल भारतीय यो-यो महासंघ काढला. त्यांचा धंदा मंडपाचा आन् फेट्यांचा, त्यामुळं महासंघाला कशाची कमी पडली न्हाय. एक अध्यक्ष, एकवीस उपाध्यक्ष, आन् खेळाडूंचे प्रतिनिधी म्हणून गणपतरावांचे मेव्हणे (उजवा हात प्लास्टरमध्ये). राष्ट्रीय स्पर्धा भरली. सकाळी उपाध्यक्षांचे सत्कार झाले, दुपारी सत्कार करणाऱ्यांचे. शिवलीला बोटात दोरा अडकवून स्टेजच्या पायरीवर उभी.

"गणपतराव, पोरगीला सोडा की आता वर!"

"आज्जी, दम धरा की जरा. नारळ संपू द्यात."

नारळ संपले तवा लाइट गेली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'स्पर्धा खेळीमेळीत पार पडली'. त्यात खोटं काय न्हाय. खेळ झाला असता तर भांडणं झाली असती.

भांडणं पुढं झालीच. जयसिंगपूरचे भाऊसो, एकविसावे उपाध्यक्ष, बैठकीत उभारले. "यो-यो खाली गेला म्हंजे पाठ टेकली. चितपट! मागनं वर येऊन काय उपेग?" महासंघ फुटला. भाऊसोंच्या महासंघात यो-यो खाली सोडायला बंदी. मुठीत धरून उभं राहायचं, जो जास्त वेळ उभारंल तो विजयी. हा खेळ उपाध्यक्षांनाबी जमायला लागला, त्यामुळं दर्जा लई वाढला. पोरं मोबाइलमधल्या सापाच्या खेळामागं लागली, ते सोडा.

दोन हजार सातला पुनरुज्जीवनाचा मेळावा झाला. दोन्ही महासंघ एक झाले, कारण उपाध्यक्ष दोन्हीकडं तेच होते. निम्मं शहर म्हणत होतं, आम्ही त्या काळचे चँपियन (उरलेलं निम्मं त्यांचे वस्ताद). शिवलीला सासरहून आली, कडेवर पोर, बोटात दोरा. सत्कार चालू होते. तेवढ्यात गणपतराव उठले, डोक्यावरचा फेटा काढून टेबलावर ठेवला.

"बंद करा हे. त्या पोरीची दोन मिन्टं आपल्याकडं ऱ्हायल्यात. ये ग बाय वर."

पोर माझ्याकडं देऊन शिवलीला वर गेली. चकती खाली सोडली. ती फिरत ऱ्हायली, फिरत ऱ्हायली. भाऊसोबी मान वाकवून चकती बघाय लागले. बोट हललं, चकती हातात! माझ्या डोळ्यांत पाणी. तुमच्याबी आलंय, दिसतंय मला.

आता कबूल करते. एक गोष्ट मी पदरची घातली. महासंघ खरा, नारळ खरे, यो-यो मुठीत धरून उभारलेलेबी खरे. गणपतराव उठले ते तेवढं खोटं. पोरगी त्याबी दिवशी पायरीवरच उभी ऱ्हायली. कडेवरचं पोर झोपलं, तवा आम्ही घरला आलो.

आन् तुम्ही हो? मघापास्नं खिदळत ऐकताय. एकदा तरी म्हणालासा का, "आज्जी, सत्कार ऱ्हाऊ द्या, पोरगीला खेळू द्या की"? न्हाय. बाविसाव्या उपाध्यक्षाची खुर्ची मोकळी हाय. चला, बसा.