युरोपचं नाक आणि माझं पिंप

कोबी खारवण्यात माझा हात धरणारा आमच्या शहरात कोणी नाही. ही बढाई नाही, शेजारणीसुद्धा कबूल करतात! बाल्कनच्या डोंगरावरून गारवा उतरला की आमच्याकडे घरोघरी कोबीचे गड्डे मिठाच्या पाण्यात बुडतात. पण नववर्षाच्या रात्री ढोसून सकाळी डोकं धरून बसलेले लोक त्या खाऱ्या पाण्यासाठी पेले घेऊन येतात, ते माझ्याच दारात!

यंदा अडचण एकच होती. आम्ही चौथ्या मजल्यावरच्या नव्या घरात राहायला गेलो होतो. तिथे तळघर नाही, आणि खोल्या इतक्या गरम की कोबी आठवड्यात सडावा.

“मग सरमीला पानं कुठून आणायची? बाजारातून?” बायको त्सोंका म्हणाली. सरमी म्हणजे खारवलेल्या कोबीच्या पानात गुंडाळलेलं सारण. नाताळात त्याला बाजारची पानं, म्हणजे आमच्या घराण्याची अब्रूच गेली!

“अगं, तुझा नवरा तंत्रविद्यापीठाचा रखवालदार आहे! तळघराच्या किल्ल्या कोणाच्या कमरेला?”

“आणि कोणी पाहिलं तर?”

“ती शिकलेली माणसं. ती खाली बघत नाहीत!”

पिंप तळघरात गेलं. वर प्रयोगशाळा होती, आणि तिथे चालू होता तो युरोपचा प्रकल्प. तीन देशांनी मिळून एक यंत्र बनवलं होतं. बकरीएवढं. फुटलेल्या गटाराचा विषारी वायू हुंगत हुंगत मुळापर्यंत जायचं आणि तिथे बोंब ठोकायची, हे त्याचं काम. चाकं पोर्तुगालची, डोकं फिनलंडचं आणि नाक आमच्या रालित्साचं. ही पोरगी म्हणजे लाख! मला येताजाता चहा द्यायची, दुखऱ्या गुडघ्याची चौकशी करायची. ब्रुसेल्सहून तपासणीला बाई येणार होत्या. त्यांनी मान्यता दिली तर रालित्साची नोकरी पुढे चालू. नाही दिली, तर आजारी आईला मागे ठेवून जर्मनीत कुठल्यातरी गोदामात खोकी उचलायची. भावासारखी.

“स्तामेनकाका, उद्या सगळं नीट होईल ना गं बाई!” ती माझ्याशीच बोलत होती की स्वतःशी, कोण जाणे.

“पोरी, मी आहे ना!” मी म्हणालो. हेच चुकलं.

पिंपाला दर दोन-तीन दिवसांनी तळाशी नळी घालून फुंकावं लागतं, म्हणजे पाणी वरखाली होतं. नाहीतर तळाशी वास साठतो. पाहुण्यांसाठी जिन्याचे कठडे रंगवण्याच्या नादात मी ते पार विसरलो होतो! तपासणीच्या सकाळी आठवलं. म्हटलं, त्या यायच्या आत उरकून टाकू. बाह्या सावरल्या, नळी तोंडात धरली आणि फुंकली.

काय सांगू! पिंपाने असा ढेकर दिला की माझ्या मिशा सरळ झाल्या! खारं पाणी कोपरापर्यंत उडालं. वास छतातल्या नळांच्या भोकातून वर निघाला, तो थेट प्रयोगशाळेत.

मी पाहुण्यांसाठी चीज भरलेली, पापुद्र्यांची गरम बानित्सा घेऊन वर गेलो, तोवर तिथे रणधुमाळी. ठरलं असं होतं, की रालित्सा त्या विषारी वायूच्या बाटलीचं बूच काढेल तेव्हाच यंत्राने ओरडायचं. बूच घट्ट बंद, आणि यंत्र तान्ह्या बाळासारखं केकाटतंय!

“नाक बिघडलंय!” पोर्तुगालवाले म्हणाले.

“डोकं बिघडलंय!” आमचे प्रोफेसर दोब्रेव म्हणाले.

फिनलंडचे गृहस्थ काहीच म्हणाले नाहीत. पण असे गप्प बसले की ती शिवीच वाटली.

रालित्सा कागदासारखी पांढरी पडली होती. ब्रुसेल्सच्या क्लासेन्सबाई घड्याळाकडे बघत होत्या. वातावरण निवळावं म्हणून मी तबक पुढे केलं. तेवढ्यात यंत्र ओरडायचं थांबलं, वळलं आणि माझ्याकडे निघालं!

मी डावीकडे सरकलो. ते डावीकडे. मी उजवीकडे, ते उजवीकडे! माझ्या ओल्या बाह्यांवर ते लट्टू झालं होतं.

“स्तामेन, तिथून हलू नका!” प्रोफेसर ओरडले.

“ते मला खाईल!”

मी तबकासकट पळालो. दुखरा गुडघा त्या दिवशी दुखायचं विसरला! पळता पळता माणूस कुठे जातो? जिथे त्याचा जीव गुंतलाय तिथे. हातगाडीसाठी मीच केलेल्या उतारावरून मी तळघरात, मागून यंत्र, त्यामागे सगळा युरोप! तळाशी यंत्राने मला सोडलं, पिंपाला नाक लावलं, लाल दिवा पेटवला आणि जी बोंब मारली, ती थेट चौकात ऐकू गेली.

मग क्लासेन्सबाईंनी काहीतरी विचारलं.

“यात काय आहे, असं विचारतायत त्या,” रालित्सा अगदी हळू म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“कोबी,” मी म्हणालो. “त्यांना सांग, माझा आहे. नाक पोरीचं आहे, ते बरोबर आहे. चूक कोबीची आणि माझी.”

रालित्साने सांगितलं. बाई पिंपाजवळ गेल्या, झाकण उचललं आणि झटकन ठेवलं. मग वर, प्रयोगशाळेच्या दिशेने बघितलं. आणि हसल्या! म्हणाल्या, समोर ठेवलेल्या बाटलीतलं तर कोणीही हुंगेल. पण जमिनीखाली कोणालाही माहीत नसलेलं शोधून काढलं, हीच खरी परीक्षा!

मान्यता मिळाली. रालित्साने माझ्या गळ्यातच उडी मारली, बाह्यांसकट! फिनलंडचे गृहस्थ आयुष्यात पहिल्यांदा बोलले: “बानित्सा उरलीय का?”

घरी मी फुशारक्या मारल्या. त्सोंकाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग पिंप कधी आणताय?”

इथे घोडं अडलं. पिंप आता प्रकल्पाचं झालंय. पुढच्या चाचण्या त्यावरच व्हायच्यात. झाकणावर तीन देशांच्या चिकटपट्ट्या आहेत. फुंकायचं मी, पण पान काढायचं नाही! नाताळात आमच्याकडे सरमी झाली ती बाजारच्या कोबीची. शेजारणींनी पहिल्या घासातच ओळखलं.

तेही सोसलं असतं. पण रालित्साने एकदा सहज सांगितलं, की यंत्र वास ओळखून पडद्यावर तीनपैकी एक निकाल दाखवतं: किरकोळ गळती, मोठी गळती आणि तिसरा, वस्ती ताबडतोब रिकामी करा.

माझ्या कोबीला कोणता मिळाला, ते मी त्सोंकाला अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका!