स्कॅनची हरवलेली ओळ

वेणीमाधव गुरुजींनी यजमानांच्या पेनड्राइव्हवर राइट क्लिक केलं. उघडलेल्या यादीत रोज दिसणारी 'व्हायरस स्कॅन'ची ओळ आज नव्हतीच.

"अगं सुधा, राखणदार गेला!"

"कोण, वॉचमन?" स्वयंपाकघरातून आवाज आला. "आत्ता तर खाली डुलक्या काढत होता."

गुरुजींना चेष्टा सुचत नव्हती. रामकुंडावर येणाऱ्या अकराशे घराण्यांच्या वंशावळी त्या कॉम्प्युटरमध्ये होत्या. जुन्या वह्यांना वाळवी लागली, तेव्हा सुधाताईंनी नऊ वर्षं खपून एकेक नाव टाइप केलं होतं. बाहेरचा पेनड्राइव्ह तपासल्याशिवाय उघडायचा नाही, हे सोवळं गुरुजी कडक पाळत. आता तपासणाराच गायब, म्हणजे चोर आधीच आत शिरलेला! दुपारी चारला जबलपूरचे यजमान येणार होते. तुमचे आजोबा व्हायरसनं खाल्ले, असं त्यांना सांगायचं?

त्यांनी आधी वायफायची वायर उपटली. मग पुण्याला मुलाला, यशोधनला फोन लावला. त्यानं उचलला नाही. दोन मिनिटांत एका अनोळखी नंबरवरून फोन आला.

"बाबा, मी यशोधन. तुमचा मिस्ड कॉल बघितला आणि बॅटरीच संपली. मित्राच्या फोनवरून बोलतोय. काय झालं?"

गुरुजींनी फोन कानापासून जरा दूर धरला. हुबेहूब आवाज काढून लोक फसवतात, हे यशोधननंच त्यांना बजावलं होतं.

"स्कॅनची ओळ दिसत नाहीये," ते दबकत म्हणाले.

"काल कॉम्प्युटर अपडेट झाला असेल. त्याच यादीत सगळ्यात खाली 'आणखी पर्याय' असेल, त्यावर क्लिक करा."

क्लिक करा म्हटल्यावर गुरुजी खुर्चीसकट मागे सरकले.

"थांब. आधी गोत्र सांग."

"काय?"

"आपलं गोत्र!"

"कश्यप?"

"ज्याला गोत्र माहीत नसतं तो कश्यप सांगतो! पणजोबांचं नाव?"

"काहीतरी शास्त्री... बाबा, क्लिक करा ना!"

गुरुजींनी फोन कापला आणि कॉम्प्युटरचा प्लगही उपटला. "भारद्वाजांच्या घरात कश्यप सांगतो मेला! सुधा, पोलिसांना फोन लाव!"

सुधाताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"अहो, तो यशोधनच होता."

"गोत्र चुकला तो!"

"म्हणून तर म्हणते. चोर असता तर पाठ करून आला असता."

गुरुजींनी गुपचूप प्लग लावला, पेनड्राइव्हवर पुन्हा राइट क्लिक करून 'आणखी पर्याय' दाबलं. स्कॅनची ओळ तिथं निवांत बसली होती. तपासणी झाली. धोका काही सापडला नाही. अकराशे घराणी जागच्या जागी होती.

तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. "बाबा, सापडलं का?"

"सापडलं. तू सांगितलंस तिथंच होतं."

"मग अजून घाबरल्यासारखे का बोलताय?"

"मघाशी कश्यप म्हणाला तो खरंच तू होतास ना," गुरुजी म्हणाले, "म्हणून."