डिंगोऱ्याची बराखी आणि तीन वायफाय बोर्डांचा मुकाबला

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, आषाढ मासी मौजे डिंगोरे, प्रांत जुन्नर येथे कांद्याच्या रक्षणार्थ जी मोहीम जाहली, तिची हकिकत सविस्तर लिहिली असे.

राजश्री गेणभाऊ हे बराखीचे, म्हणजे कांदा साठवावयाच्या चाळीचे, खावंद. बराखीत शिरोन एक श्वास घ्यावा आणि कोणत्या कोपऱ्यात कांदा सडू लागला ते सांगावे, ऐसा त्यांच्या नाकाचा लौकिक. परंतु गतवर्षी निम्मी बराखी सडली आणि नाकास खबर नाही. मग त्यांची सून वृषालीबाई, कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकलेली, तिने मसलत केली की, दमटपणा मोजणारे सेन्सर बराखीच्या कोपऱ्याकोपऱ्यात नामजाद करावे आणि खबर वायफायवरोन घरी आणावी. गेणभाऊंची मर्जी खप्पा जाहली. हुकूम सुटला, "नाक हाय तवर डबडी नकोत!" परंतु सासूबाई लंकाबाई यांनी, "लावू द्या की तिला," ऐसे फर्माविले, आणि तेच चालले.

मग सेन्सरांची खबर वायफायवरोन धाडणारे तीन बोर्ड एकामागोन एक मोहिमेवर रवाना केले. पहिला जुना शिलेदार, साधा आणि काटक. पत्र्याआड जाताच त्याचे वायफाय तुटले. दुसरा मोठा सरदार, ताकद बहुत, पिना बहुत. त्याने खबर आणिली खरी, परंतु भूकही बहुत, एका दिवसात बॅटरी फस्त करोन आडवा जाहला. तिसरा बोटाच्या पेराएवढा. त्यास पाहोन गेणभाऊ खदखदा हासले. परंतु त्यास बाहेरील अँटेना जोडावयाची सोय होती. वृषालीबाईंनी अँटेना तारेने पत्र्याबाहेर काढिली, आणि मग दर पंधरा मिनिटांनी जागे व्हावे, खबर द्यावी, पुनः निजावे, ऐसा शिरस्ता त्यास घालोन दिला. चौथे दिवशीही बॅटरी शाबूत.

पाचवे दिवशी दुपारी वृषालीबाईंचा फोन वाजला. उत्तरेचा कोपरा, दमटपणा नव्वद टक्के. गेणभाऊ तेथेच उभे, आणि नुकतेच "समदं झ्याक हाय" म्हणोन चुकलेले. कांदे उपसले तो तळाचे पार सडलेले, आणि दुर्गंध ऐसा की लंकाबाईंनी नाकास पदर लाविला आणि त्या पंखा आणावयास धावल्या. गेणभाऊंचा चेहरा मात्र कोरा. वृषालीबाई त्यांजकडे पाहतच राहिल्या.

तेव्हां गेणभाऊ हळूच बोलिले, "दोन वर्सं झाली, पोरी. त्या तापात वास गेला तो गेलाच. कुनाला बोलू नको."

नाकाच्या भरवशावर निम्मी बराखी गेली, हा वृषालीबाईंचा गतवर्षापासोनचा राग जागीच विरला. त्यांनी सासऱ्यांचा फोन मागोन घेतला, त्यावर खबरीची व्यवस्था केली, आणि आपले फोनवरील बंद केली.

"मामा, आता खबर तुमालाच येईल. घरात तुमीच सांगायचं."

मग आषाढ सरेपर्यंत तीन वेळा गेणभाऊंनी दाराआड फोन पाहिला, बराखीत प्रवेश केला, डोळे मिटोन दीर्घ श्वास घेतला आणि कोपरा अचूक सांगितला. पंखे सुटले, कांदा वाचला. शेजारचे सुभाषराव थक्क होवोन म्हणाले, "लई तिखट नाक, राव!" वृषालीबाईंनी गंभीरपणे मान डोलाविली.

येणेप्रमाणे बराखी राखिली. मोहीम फत्ते जाहली, आणि फत्ते गेणभाऊंचे नाकाचे नावे दाखल केली असे. वृषालीबाईंची आज्ञा तैसीच आहे.