विसूभाऊंचा शिक्का आणि गावाची शंभरी

सकाळी दार उघडलं, तर उंबऱ्यावर विसूभाऊ. हातात पेढ्यांचा पुडा.

"घ्या मास्तर. आज तुमच्या जिन्याला एकवीस पुरी झाली."

जिना आमचा, चढून झिजलेले गुडघे माझे, आणि त्याची जन्मतारीख पाठ शेजारच्या विसूभाऊंना! पनवेलात वाढदिवसाच्या तावडीतून सुटलेली वस्तू नव्हती. बंदरावरचा कंदील, गाडीसुतारांचा रंधा, तळ्याकाठचा पिंपळ. माझ्या छत्रीचा वाढदिवस तर त्यांनी अशा थाटात केला की पुढं महिनाभर तिला पावसात न्यायची मला लाज वाटे.

तीस वर्षं टपालकचेरीत पाकिटांवर तारखेचे शिक्के मारले होते त्यांनी. ठोका असा, की तळ्यातले मासे दचकून काठावर येत आणि बायका ते टोपलीत भरून नेत. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, तेव्हा मुंबईहून तारीख फिरवायचा रबरी शिक्का करून आणला. तो सदैव कोटाच्या खिशात. "शिक्का नाही, तर टपाल नाही!" हे त्यांचं ब्रीद. लग्न केलं नाही. वाढवलं मावशीनं, तीही कधीच गेली होती.

स्वातंत्र्य येऊन चार-पाच वर्षं झाली असतील, गावात नगरपालिकेच्या शंभरीची टूम निघाली. समिती बसली. अध्यक्ष भातगिरणीचे मालक दादासाहेब, चिटणीस मी. साल सगळ्यांना माहीत, दिवस कुणालाच नाही.

"पुढच्या गुरुवारी करून टाकू," दादासाहेब म्हणाले. "जावई येतायत."

"कवा बी करा," खाडीकाठचा पोशा नाखवा म्हणाला, "पन भरती बगून करा. सुकतीला धरलात तर आमची होडी चिखलात बसंल. मंग मिरवनूक काय खेकड्यांची काढनार हाव?"

विसूभाऊ ताडकन उठले. "शंभर वर्षांच्या म्हातारीला खोटा वाढदिवस? दप्तरखान्याची किल्ली द्या. खरी तारीख मी काढतो. तोवर नारळ फुटायचा नाही!"

किल्ली मिळाली. पण छापखाना दोनच दिवस मोकळा होता, म्हणून दादासाहेबांनी तारखेची जागा कोरी सोडून पाचशे पत्रकं छापली. कोरीच भिंतीवर लावली आणि कोरीच गावोगाव धाडली! मग काय, ज्यानं त्यानं सोयीची तारीख धरली. सोमवारी एका गावचे लेझीमवाले येऊन रिकाम्या मांडवात नाचून गेले. बुधवारी उधाणाची भरती, म्हणून नाखवा तीन होड्या आणि ताशे घेऊन हजर. गुरुवारी जावई आले. ते सासऱ्यांच्या शेजारी एकटेच हार घालून बसले.

तीन आठवडे झाले, विसूभाऊ दप्तरातून बाहेर येईनात. दादासाहेब लालेलाल. "मास्तर, आज संध्याकाळपर्यंत तारीख नाही मिळाली, तर मांडव उतरवतो!"

मी धावलो. विसूभाऊ जुन्या वह्यांच्या ढिगांमधे मांडी घालून बसलेले. शेजारी डबा, आणि डब्याखाली एक पिवळा कागद. ओढून पाहिला. गावाची तारीख! आणि ती चारच दिवसांवर.

"विसूभाऊ! हे कधी सापडलं?"

"दुसऱ्याच दिवशी," ते मान वर न करता म्हणाले.

"आणि एकोणीस दिवस काय करताय? लोक मला मारतील!"

त्यांनी मांडीवरचं पुस्तक माझ्याकडं फिरवलं. जन्माची नोंद. पान कोरं.

"प्लेगचं साल," ते म्हणाले. "गाव शेतात झोपड्या बांधून राहिलेलं. आई त्यातच गेली. मावशीला एवढंच आठवायचं, की मी झोपडीत झालो. म्हटलं, किल्ली हातात आहेच, तर कुणी मागाहून लिहिलं असलं तर बघावं. सगळी पानं तीनतीनदा पाहिली." मग हसायचा प्रयत्न करत, "शिक्का नाही, तर..." एवढं म्हणून थांबले.

मी ते पुस्तक मिटून ढिगावर ठेवलं.

चार दिवसांत विसूभाऊंनी गावोगाव फिरून भिंतीभिंतीवरच्या कोऱ्या पत्रकांवर तारीख ठोकली. सोहळ्याच्या सकाळी ते पेढे वाटत माझ्यापाशी आले. मी त्यांच्याच पुड्यातला एक उचलून त्यांच्या तोंडासमोर धरला.

"मला कशाला?"

"पाचशे कोरी पत्रकं भरलीत. एक राहिलंय."

त्यांना कळेना. शेजारी उभ्या नाखव्याला कळलं. त्याला मीच सांगून ठेवलं होतं. "घ्या ओ भाऊ," तो म्हणाला, "गाव काय परकं हाय? त्याचा दिस तो तुमचा दिस. भरती बी हाय आज!"

विसूभाऊंनी पेढा खाल्ला. खिशातून शिक्का काढला, तारीख नीट तपासली आणि स्वतःच्या डाव्या तळव्यावर हळूच टेकवला. तीस वर्षांत त्यांचा एवढा हलका ठोका कुणी ऐकला नव्हता.

मिरवणुकीत दादासाहेबांना नमस्कार केला तो त्यांनी एका हातानं. दादासाहेब अजून म्हणतात, विसूला शंभरीची मिजास चढली होती. शाई ओली होती, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.