ग्लास वाढवला

लग्नाचा प्रवेश यायला एकच गाणं उरलं होतं. तेवढ्यात कमळाबाई विंगेत दिग्दर्शक त्र्यंबकच्या कानाशी लागल्या. "फोडायचा काचेचा ग्लास मी काढून ठेवलाय हो. रुमालात आमचा स्टीलचा गुंडाळलाय."

त्र्यंबकच्या हातून संहिताच पडली. "अहो मावशी, का पण?"

"माझा जयेश मांडवात पायाखाली काच फोडणार? लग्नात असलं अवलक्षण नको मला!"

मांडव नाटकातला असला तरी नवरानवरी जवळजवळ खरी होती. जयेश डोंबिवलीचा, नाओमी ठाण्याची, बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू घरातली. एका ज्यू कुटुंबावरचं हे संगीत नाटक बसवताना दोघांचं जुळलं. कमळाबाईंनी नाक मुरडत का होईना, होकार दिला होता. घोडं अडलं होतं ते नाओमीच्या वडिलांपाशी. एझ्राकाका चेऊलकर या नाटकाचे सल्लागार. शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथ, त्यांचा विश्रांतीचा दिवस, लागतो म्हणून त्यांनी पहिला प्रयोग रविवारवर ढकलायला लावला होता. लग्नाचं विचारल्यावर म्हणाले होते, "आधी प्रयोग बघतो. आमच्या रीती ज्याला स्टेजवर जमत नाहीत, त्याला घरात काय जमणार?"

आणि आता ते पहिल्याच रांगेत हाताची घडी घालून बसले होते.

"काचेचा कुठंय?" त्र्यंबकने विचारलं.

"स्कूटरच्या डिकीत."

"चावी?"

"जयेशच्या खिशात."

जयेश स्टेजवर पोचला होता. बेने इस्रायलांत नवरी मांडवात आली की नवरा गाऊन तिचं स्वागत करतो, तसा तो गात होता. त्र्यंबक विंगेतून जिवाच्या आकांताने हातवारे करू लागला. जयेशला वाटलं, सूर चढवायला सांगताहेत. त्याने चढवला. मग त्र्यंबकने पायाकडे बोट दाखवून जोरजोरात मान हलवली. जयेशला वाटलं, पाय जोरात आपटायचाय.

"टण्ण!"

काच फुटल्याच्या आवाजावर कोरस सुरू व्हायचा होता. कोरस आ वासून उभा राहिला, पेटीवाल्याची बोटं हवेतच थांबली. जयेशने पुन्हा टाच मारली. रुमाल सुटला आणि ग्लास घरंगळत थेट एझ्राकाकांच्या पुढ्यात पडला. प्रेक्षक खो खो हसले. नाओमीच्या डोळ्यांत पाणी आलं.

एझ्राकाकांनी ग्लास उचलला, चष्मा सावरला आणि त्यावर घातलेलं नाव मोठ्याने वाचलं. "चि. जयेशच्या बारशानिमित्त." हसू थांबलं. काका पायऱ्या चढून स्टेजवर आले. "कोणी केलं हे?"

कमळाबाई पदर खोचून विंगेतून बाहेर आल्या. "मी केलं. पोराच्या लग्नात काही फुटायला नको म्हणून."

"बाई, दोन हजार वर्षांमागं आमचं देऊळ पाडलं होतं. सुखातसुद्धा ते दुःख विसरू नये, म्हणून आम्ही काच फोडतो."

"मग असं आधी सांगायचं ना! आम्हीपण शुभकार्यात नारळ फोडतो. फक्त फोडला म्हणत नाही, वाढवला म्हणतो."

एझ्राकाकांनी हातातला ग्लास फिरवून पाहिला. "माझी आई पण बांगडी फुटली की वाढवली म्हणायची," ते हळूच म्हणाले. मग विंगेकडे वळून ओरडले, "अरे, चहाचा ग्लास आहे का कोणाकडे?"

त्र्यंबकने आपलं कटिंग घाईघाईने घशात ओतलं. काकांनी तो ग्लास स्वतः रुमालात गुंडाळला आणि जयेशच्या पायाशी ठेवला. "हं, वाढव."

खळ्ळ! कोरस सुटला. सगळं नाटकातलंच आहे असं समजून प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

प्रयोग संपल्यावर कमळाबाईंनी भीतभीत हात पुढे केला. "काका, आमचा तेवढा स्टीलचा ग्लास..."

एझ्राकाकांनी तो खिशात घातला. "राहू दे माझ्याकडे. मागच्या बाजूला जागा आहे. नातवंडाचं नाव घालून देईन."