एका गुणाने हरणारा इनास

फुकटच्या खेळांत हरावे कसे, याविषयी अधिकारवाणीने बोलणारा माणूस मी एकच पाहिला. तो माझा शेजारी, इनास मच्याडो. जिंकण्याची युक्ती विचारली की तो हात झटकी. “जिंकतो कोणीही. हरून दाखवा. आणि तेही एका गुणाने.”

हे खेळ मैदानावरचे नव्हेत. लॅपटॉपवर इंटरनेट उघडले की समोर येतात, पैसे मागत नाहीत आणि काही उतरवून घ्यायला लावत नाहीत, ते. इनासच्या घरी लॅपटॉप आला तो पत्नी गेल्यावर. मुलगा ग्लेन कॅनडाहून अंत्यविधीसाठी आला होता, परत जाताना स्वतःचा लॅपटॉप बापाजवळ ठेवून गेला. वसईजवळच्या गिरीज गावात आमच्या दोन घरांमध्ये केळीची एक रांग आहे. संध्याकाळी पलीकडून मोटारींचे, फुग्यांचे आणि उड्यांचे आवाज येऊ लागले, तेव्हा कोणी पाहुणी मुले आली असावीत, असे मला वाटले. पाहिले तर चष्मा कपाळावर चढवून इनास एकटाच बसला होता.

मी न्यायालयात साक्षी लिहून घेण्यात आयुष्य घालवले. ऐकावे, लिहावे, मत देऊ नये. इनासची मतेही मी त्याच रीतीने ऐकली.

त्याचे नियम असे. आधी नाव विचारणाऱ्या खेळाला खोटे नाव सांगावे. जाहिरात बंद करायला फुली शोधताना घाई करू नये, कारण पहिली फुली खोटी असते. फाशांच्या खेळात पडू नये, तेथे हरणे आपल्या हाती नसते. शब्दांचे खेळ टाळावेत, कारण तेथे तो खरोखरच हरे, आणि खरे हरणे त्याच्या मते आळशीपणाचे लक्षण होते. सर्वांत उत्तम मोटारींची शर्यत. “पण ब्रेक लावायचा नाही, अण्णा. ब्रेक लावला की समोरच्याला कळतं. वळण थोडं बाहेरून घ्यायचं. माणूस चुकला असं वाटतं.”

पाचूबंदरहून मासळीची टोपली घेऊन येणारी फिलूबाय तिच्या मोबाइलवर फुगे फोडण्याच्या खेळात एका पायरीवर अडकली होती. तिने सहज विचारले. इनासने बोंबील निवडता निवडता तिला शेवटचा फुगा कसा चुकवावा, हे सविस्तर समजावले. तिने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “हरायचं कोनी शिकवायला लागतं का, बाबा? ते देव फुकट शिकवतो.”

तिने टोपली डोक्यावर घेण्यापूर्वी आणखी दोन बोंबील त्याच्या ताटात टाकले.

या विद्येमागचे कारण मला पुढे कळले. ग्लेनची मुलगी क्लारा. तिला मराठी मोजकी येते, इनासला तिचे इंग्रजी कळत नाही. फोनवर दोघे एकमेकांना जेवलास का, असे विचारीत आणि मग गप्प बसत. एका रविवारी ग्लेनने दोघांना एका खेळात जोडून दिले. क्लारा हरली आणि रडत उठून गेली. पुढच्या रविवारी इनास मुद्दाम सपशेल हरला. ती कंटाळून उठून गेली. तिसऱ्या खेपेस तो चुकून थोडक्यात हरला, तेव्हा ती टाळ्या पिटून थांबली आणि पुन्हा खेळू म्हणाली. इनासला जे हवे होते ते त्या दिवशी सापडले. तेव्हापासून आठवडाभर तो थोडक्यात हरण्याचा सराव करी आणि रविवारी संध्याकाळी, तिकडे सकाळ असताना, हरायला बसे.

इनास स्वभावाने हरणारा नव्हता, हे येथे नोंदवले पाहिजे. गावाच्या कॅरमच्या स्पर्धेत त्याच्यासमोर बसायला लोक कचरत. ग्लेन लहान असताना ओट्यावर बापाबरोबर खेळे आणि रोज हरे. मी मध्ये पडलो होतो, एखादा डाव पोराला दे म्हणून. “फुकट दिलेलं पोराला पचत नाही, अण्णा,” असे त्याने मला तेव्हा सांगितले होते. पुढे पोराने कॅरम सोडला.

सरावाला माणूस हवा म्हणून त्याने मला धरले. मला खेळ आवडत नाहीत. लहानपणीही आवडत नसत. तरी एकाच लॅपटॉपवर दोघांनी खेळायचा, चकती समोरच्याच्या फटीत ढकलण्याचा तो खेळ मी खेळलो. मला कीबोर्डवर माझ्या कळा सापडेपर्यंत चकती माझ्या फटीत शिरलेली असे. इनास वैतागला. “अण्णा, तुम्ही असे हरलात तर मी हरू कुठे?” त्याने वेग कमी केला. मी हरलो. त्याने एकाच बोटाने खेळून पाहिले. मी हरलो. अखेर त्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले. त्या वेळी चकती मी स्वतःच्याच फटीत ढकलली. “तुम्ही माझ्या कामाचे नाहीत,” असे म्हणून त्याने मला चहा दिला.

चित्र काढून ओळखण्याचा एक खेळ मात्र त्याने दोघांपुरता बंद केला. त्याने केळफूल काढले होते. क्लाराने आधी मासा म्हटले, मग विमान, मग वेळ संपला. दारात ते लोंबत असताना तिला ते ठाऊक नाही, एवढेच तो बोलला. खेळात दोष आहे, असे त्याने मला बजावले.

काही वर्षे हे चालले. क्लारा मोठी झाली. रविवार लहान होत गेले. आधी ती तासभर बसे, मग अर्धा तास, मग ग्लेन तिला हाक मारून बसवू लागला. इनास नवे खेळ शोधी, त्यांची चव घेई, निकाल देई. एक मोटारींची शर्यत त्याला फार आवडली. वळणे अरुंद होती आणि त्यामुळे हरणे नैसर्गिक दिसे.

त्या शर्यतीच्या दिवशी मी तेथेच होतो. वर्तमानपत्र परत करायला गेलो होतो आणि त्याने बसा म्हटले म्हणून बसलो. क्लाराची गाडी पुढे होती. शेवटच्या वळणावर ती थोडी बाहेरून गेली. इनासची गाडी अगदी कडेकडेने पुढे सरकली आणि रेषा ओलांडून गेली. फोनवरून मुलीचा आवाज आला. “आजोबा, तू जिंकला. तू खूप छान खेळतो.”

इनासने थँक्यू म्हटले. आणखी एक डाव झाला. तोही तो जिंकला, तितक्याच थोडक्यात. फोन बंद झाल्यावर त्याने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. मी अभिनंदन केले. ते अस्थानी होते.

“ती मला खेळवते आहे, अण्णा,” तो म्हणाला.

या विषयात त्याच्याइतका जाणकार वसईत दुसरा नव्हता. त्याला शंका असती तर मी ती दूर केली असती.

त्याच आठवड्यात त्याने ग्लेनला फोन करून सांगितले की डोळ्यांच्या डॉक्टरने पडद्यासमोर बसू नये असे बजावले आहे, तेव्हा रविवारचे खेळ आता पुरे. असा कोणताही डॉक्टर नव्हता. क्लाराने दोनदा विचारले, आजोबांचे डोळे दुखतात का. मग ग्लेन म्हणाला, “बरं झालं, डॅडी, तुम्हीच म्हणालात. तिची पोहण्याची बॅच रविवारी सकाळचीच आहे. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ती जात नव्हती.” इनासने हे मला सांगितले तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. पोहणे चांगले, छाती रुंद होते, असेही त्याने जोडले.

पुढच्या रविवारी संध्याकाळी तो लॅपटॉप काखेत धरून केळीतून माझ्या ओट्यावर आला. काही न बोलता त्याने तो चकतीचा खेळ उघडला आणि माझ्यासमोर सरकवला. त्या दिवशी त्याने हात राखला नाही. चकती मला दिसत नव्हती, एवढ्या वेगाने ती येत होती. तो माझ्याकडे पाहत नव्हता. डाव संपला की लगेच दुसरा सुरू करी. मला एकही गुण मिळाला नाही. आत सुनेने दिवा लावला आणि जेवणाचे विचारले. मी तिला थांब म्हटले.

मग खुर्ची थोडी जवळ ओढली आणि माझ्या कळा कोणत्या, ते इनासला पुन्हा विचारले.